वाड्यात उरलेले दोघं

आमच्या किचनमध्ये गॅसच्या शेजारच्या कपाटात पत्र्याचा एक गोल डबा आहे, त्यात मोहरी असते. मूळ तो चीजचा डबा. म्हणजे चीज चक्क पत्र्याच्या डब्यात सीलबंद, रसगुल्ल्यासारखं. आई माझ्या कॉन्व्होकेशनला आली होती तेव्हा आम्ही तो फोडला, ती म्हणाली आपल्या अमूलपेक्षा उग्र आहे जरा, आणि मी रिकामा डबा टाकायला निघालो तर हातातून ओढून घेतला, घासूनपुसून कुठल्यातरी दुसऱ्याच डब्याचं प्लास्टिकचं झाकण त्यावर बसवलं आणि मोहरी भरली. तेव्हापासून चार घरं बदलली, डबा आहे.

हे चीज म्हणजे कूगर गोल्ड. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची स्वतःची डेअरी आहे पुलमन नावाच्या गावात, ती बनवते. नावातलं गोल्ड सोन्यावरून नाही बरं का, गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकावरून, हे मला दोन वर्षं तिथे काढून झाल्यावर कळलं. मी २०११ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला तिथे गेलो. सिअ‍ॅटलपासून पाच तास. डोंगर ओलांडायचा, कोलंबिया नदीवरचा व्हँटेजचा पूल ओलांडायचा, मग हायवे २६ धरायचा आणि ऑथेलो, वॉशटक्ना, डस्टी अशी गावं मागे टाकत जायचं, गावं म्हणजे चार घरं आणि धान्याचा एक उंच सायलो. दोन्ही बाजूला गव्हाच्या टेकड्या. नुसत्या टेकड्या. मला वाटलं आपल्याला फसवलंय, ही कसली अमेरिका.

अशा गावात फुटबॉल म्हणजे काय असतं हे इथे बसून समजावणं अवघड आहे. पायाने कमी आणि हाताने जास्त खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. गाव तीसेक हजारांचं आणि स्टेडियम तेहतीसेक हजारांचं, तेही कॅम्पसच्या मधोमध. वर्षातले सहा-सात शनिवार गावाची जत्रा. हॉटेलं वर्षभर आधी बुक, पार्किंगमध्ये सकाळी नऊपासून शेगड्या, साठ-सत्तरीच्या आजीबाई लाल-करडे स्वेटर घालून बीअर पितायत. या देशात व्यावसायिक टीम मोठ्या शहरांना मिळते. पुलमनला, ओरेगनमधल्या कॉर्वॅलिसला, नेब्रास्कातल्या लिंकनला कोण देणार टीम? मग कॉलेजची टीम हीच गावाची टीम, आणि कॉलेजला आपण गेलो नसलो तरी चालतं, आजोबा गेले होते ना, झालं.

पहिल्या वर्षी मी एकही मॅच धड बघितली नाही. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला गाव रिकामं झालं, सगळी पोरं घरी, मेस बंद, उरलो आम्ही देशी आणि चिनी विद्यार्थी. आमच्या अपार्टमेंटमध्ये मी, एक नागपूरचा आणि एक मडगावचा. शुक्रवारी अ‍ॅपल कप होता, म्हणजे आमची आणि सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची मॅच, १९०० सालापासून चालत आलेली. कुणीतरी घरी गेलेल्याची तिकिटं फुकट मिळाली म्हणून गेलो, दुसरं करायला काही नव्हतंच. आमची टीम त्या सीझनला ११ पैकी ९ मॅच हरलेली. शेवटच्या क्वार्टरला आम्ही १८ पॉइंटनी मागे, नागपूरकर म्हणाला चल यार, डाळ-भात लावू. आणि मग काय झालं कळलंच नाही, एक टचडाउन, दुसरं, बरोबरी, वेळ संपता संपता समोरच्याची किक हुकली, जादा वेळेत आमची बसली, ३१-२८, आणि सगळं पब्लिक मैदानात. मीही. थंडीने कान सुन्न, हातात कुणाचातरी हातमोजा, एका अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली आणि तो रडत होता. मला तोपर्यंत फर्स्ट डाउन म्हणजे काय हेही पक्कं माहीत नव्हतं.

हे सगळं सांगितलं कारण नाहीतर पुढचं नुसतं हिशेबाचं वाटेल.

इथली कॉलेजं आपापल्या भागातल्या कॉलेजांशी खेळतात, अशा समूहाला कॉन्फरन्स म्हणतात. आमची होती पॅक-१२, पश्चिम किनाऱ्याची, मूळ १९१५ ची. मला विचाराल तर ती एक एकत्र कुटुंबाचा वाडा होती. लॉस एंजेलिसचे दोन श्रीमंत भाऊ, यूएससी आणि यूसीएलए. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे शिकलेले काका लोक. सिअ‍ॅटल आणि युजीनचे कमावते, म्हणजे वॉशिंग्टन आणि ओरेगन. आणि मागच्या सोप्यात आम्ही आणि कॉर्वॅलिसचं ओरेगन स्टेट, शेती-डेअरीवाले. भांडणं भरपूर, भाऊबंदकीच ती, पण सण एकत्र. वर्षाच्या शेवटी भावाशीच भांडायचं असा नियमच, ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट तर १८९४ पासून.

जून २०२२ च्या शेवटी लॉस एंजेलिसच्या दोघांनी सांगितलं आम्ही बिग टेनमध्ये चाललो. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो वगैरे, मध्यपश्चिम. तिथे दीड महिन्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही चॅनेलांबरोबर मॅच दाखवायचा करार झाला, सात वर्षांचे साधारण ७०० कोटी डॉलर. आमच्याकडे वर्षभर बोलणी चालू, आज करार उद्या करार. शेवटी अ‍ॅपलची ऑफर आली, मॅचच्या स्ट्रीमिंगची, जितके ग्राहक तितके जास्त पैसे असल्या टाइपची. ४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. सकाळी बातमी होती की उरलेले नऊ जण आज सह्या करणार. मी ऑफिसात एका रिकाम्या मीटिंगमध्ये बसून फोन रिफ्रेश करत होतो. संध्याकाळपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तेही सुरुवातीला अर्ध्याच वाट्यावर कबूल होऊन, आणि अ‍ॅरिझोनाचे दोघे आणि यूटा बिग १२ नावाच्या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलेलं. महिनाभराने स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. हो, अटलांटिक. पॅसिफिकच्या काठावर बसून. त्यांच्याबरोबर डॅलसचं एसएमयू गेलं, ते तर म्हणालं नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातलं काही नको, फक्त घरात घ्या. इतकी पदरमोड करून कुणी सुनेला नांदवत नाही.

उरले दोघं. ओरेगन स्टेट आणि आम्ही.

मग व्हायचं तेच झालं, कोर्ट. प्रश्न असा की वाडा कुणाचा? जाणारे दहा अजून मीटिंगला बसून मत देणार आणि तिजोरी वाटून घेणार, का? आमच्या दोघांचं म्हणणं, ज्याने घर सोडल्याची नोटीस दिली त्याला घराच्या कारभारात मत नाही, नियमातच आहे. केस चालली व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, म्हणजे कोलफॅक्सला. विमानाने स्पोकेनला उतरून पुलमनला यायचं तर वाटेत लागतं ते कोलफॅक्स, एक रस्ता, एक कोर्ट, संपलं गाव. अब्जावधींच्या टीव्ही धंद्याचा निकाल तिथे लागावा याची मला फार मजा वाटली. नोव्हेंबरमध्ये निकाल आमच्या बाजूने, डिसेंबरात राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला. पुढे मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली, दहा जणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. वाडा आमचा. फक्त आत कुणी नाही.

आता याच सुमाराला, २०२४ च्या एप्रिलमध्ये, सुपर लीगचा आराखडा बाहेर आला. काही कॉलेजांचे प्रमुख, खेळाच्या धंद्यातले काही लोक, एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या एका टीमचा मालक अशा मंडळींनी बनवलेला. म्हणणं असं की हे कॉन्फरन्स वगैरे मोडा, सगळ्यांची एकच लीग करा, ८० टीम. ७० कायमच्या, त्यांना कुणी काढू शकत नाही, आणि १० जागा खालच्या पन्नासेक टीमनी जिंकून मिळवायच्या, चांगलं खेळलात तर वर, नाहीतर परत खाली. टीव्हीचे हक्क सगळ्यांचे मिळून एकत्र विकायचे. खेळाडूंना पैसे देण्याचंही एका जागी ठरवायचं.

माझ्या ग्रुपवर याची जी टिंगल झाली. सगळ्यांना २०२१ चं युरोपातलं प्रकरण आठवलं, १२ बड्या क्लबांनी रविवारी रात्री सुपर लीग जाहीर केली आणि मंगळवारी रात्री इंग्लंडचे सहाच्या सहा बाहेर पडले, लोक रस्त्यावर आले होते. मीही हसलो, मीही लिहिलं की कोट घातलेल्या लोकांना आता हेच उरलंय. मग रात्री सहज बसून बेरीज केली. बिग टेन १८, दक्षिणेकडच्या कॉलेजांची एसईसी १६, बिग १२ मध्ये १६, एसीसी म्हणजे तीच अटलांटिकवाली १७. झाले ६७. नोत्र दाम फुटबॉलमध्ये कुणातच नाही, ते एक, ६८. मग ७० कसे?

दोन जागा आमच्या होत्या.

म्हणजे ज्या आराखड्याला मी लोभी म्हणत होतो त्यात पुलमन आणि कॉर्वॅलिस कायमचे होते, आणि ज्या परंपरेच्या नावाने आम्ही गळा काढत होतो तिने आम्हाला सोप्यात सोडून दरवाजा लावून घेतला होता. हे मला त्या रात्री पचलं नाही आणि खरं सांगायचं तर अजून पचलेलं नाही. सुपर लीग नको नको म्हणताना ती आलेलीच आहे, फक्त तिला कुणी बारसं करून नाव ठेवलं नाही. बिग टेन आणि एसईसी मिळून ३४ कॉलेजं, तीच ती. घोषणा नाही, पत्रकार परिषद नाही, एकेक जण बॅग भरून गेला त्यामुळे रस्त्यावर कोण उतरणार, कुणाविरुद्ध उतरणार.

पुढे ऑक्टोबरात त्याच मंडळींनी नवीन रूप आणलं, वरच्या गटात ७२ आणि खालच्या गटात ६४, शेजारशेजारच्यांचे छोटे गट. आणखी एक आराखडा वेगळ्या लोकांचा, गुंतवणूकदारांचे ९०० कोटी डॉलर आणतो म्हणणारा. बिग टेन आणि एसईसीचे कमिशनर नॅशव्हिलला भेटले आणि म्हणाले आम्हाला याची गरज नाही. नसणारच. ज्याच्या ताटात पुरणपोळी आहे तो पंगत नव्याने कशाला मांडेल?

मुळात हे सुरू कधी झालं तर १९८४ ला. त्याआधी कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए ही संस्था ठरवायची की कुठलं कॉलेज टीव्हीवर किती वेळा दिसेल, दोन वर्षांत सहापेक्षा जास्त नाही, म्हणजे बड्यांनाच सगळं मिळू नये. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं ही मक्तेदारी आहे, बेकायदा. विरोधात मत देणाऱ्यांत जस्टिस बायरन व्हाइट होते, आणि हे गृहस्थ स्वतः कोलोरॅडोचे फुटबॉल स्टार होते, नऊ जणांत मैदान आतून बघितलेला माणूस. मला कायद्यातलं कळत नाही आणि निकाल कायद्याने बरोबरच असेल, पण त्या दिवसापासून टीव्हीचा पैसा ज्याचा त्याचा झाला आणि वाटणीचं बी तिथे पडलं. व्यावसायिक लीगना १९६१ च्या एका कायद्याने एकत्र हक्क विकायची सूट आहे, कॉलेजांना नाही. म्हणून हल्ली टेक्सस टेकचे कोडी कँपबेल, तेलातले अब्जाधीश आणि तिथल्या बोर्डाचे अध्यक्ष, टीव्हीवर जाहिराती देतात की तो कायदा बदला, सगळ्यांचे हक्क एकत्र विकू द्या. अब्जाधीश माणूस एकत्र कुटुंबाचे गोडवे गातोय म्हटल्यावर मी खिसा चाचपतो, पण मुद्दा चुकीचा नाही.

खेळाडूंचं मात्र मला वाईट वाटत नाही, म्हणजे पैसे मिळण्याचं. लोक म्हणतात पोरांना पैसे द्यायला लागले आणि खेळ बिघडला. वर्षानुवर्षं कोच करोडपती, टीव्हीवाले करोडपती, आणि पळणाऱ्या पोराला स्कॉलरशिप आणि टाळ्या. खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने जी तडजोड मान्य केली तिच्यात जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलर, आणि नव्यांना कॉलेजं पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर थेट वाटू शकतील असं ठरलं. द्या की. फक्त पुलमन इतके कुठून आणणार, चीज विकून?

आणि बळी फक्त फुटबॉल नाही ना. मी टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, होतो तेव्हा माझ्या लॅबमध्ये एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून यायची आणि गुरुवारीच रिपोर्ट देऊन जायची, सर उद्या अ‍ॅरिझोनाला मॅच आहे. तो प्रवास आम्हाला तेव्हा लांबचा वाटायचा. आता यूसीएलएची तशीच मुलगी न्यू जर्सीला जाते, रटगर्सशी खेळायला, तीन टाइम झोन ओलांडून. फुटबॉलचे पैसे वाढावेत म्हणून.

मडगावचा रूममेट आता दुबईत असतो. त्याला मी ही ७० अधिक १० ची गंमत सांगितली तर तो हसलाच नाही. त्याच्या घरी सगळे धेंपोवाले, म्हणजे गोव्याच्या धेंपो क्लबचे, आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलमधले. धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकलीय. २०१६ ला ठरायला लागलं की आयएसएल हीच वरची लीग, पैसे भरून आलेल्या टीमची, आणि जुनी आय-लीग खाली, कितीही जिंका वर जायचा रस्ता नाही, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघंही बाहेर पडले. धेंपो खालून खेळत खेळत २०२४ ला परत आय-लीगपर्यंत आले. तो म्हणाला, "तुम्हाला निदान वाडा मिळाला, आम्हाला सांगितलं वाडा आहे तिथेच आहे, फक्त आता तो आउटहाउस." यावर मी काय बोलणार, त्याने विषय बदलून पोराच्या शाळेचं काढलं.

सप्टेंबर २०२४. अ‍ॅपल कप आता थँक्सगिव्हिंगला नाही, सप्टेंबरात, कारण नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला बिग टेनच्या मॅच असतात, आम्ही मध्येच कुठेतरी पाहुण्यासारखे. आणि हेही २०२८ पर्यंतच ठरलंय. सिअ‍ॅटलला लूमेन फील्डवर होती, मी गेलो, बरोबर लेक. तिच्या वर्गात सगळे हस्की, म्हणजे वॉशिंग्टनच्या टीमवाले, म्हणून ती जांभळ्या हूडीत, मी लाल टोपीत, बायको म्हणाली लोक काय म्हणतील. २४-१९ आम्ही पुढे, मिनिटभर उरलेला, त्यांचा चेंडू आमच्या गोल लाइनपासून एका यार्डावर, शेवटची संधी. एक यार्ड म्हणजे आमच्या डायनिंग टेबलाची रुंदी. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, पळत चेंडू मागे टाकला आणि ज्याने झेलला त्याला आमच्या पोरांनी तिथल्या तिथे आडवा केला. मी इतका ओरडलो की लेक घाबरली. पुढच्या सीटवर एक हस्कीवाले आजोबा होते, मागे वळून म्हणाले, वेल प्लेड, आणि मग म्हणाले, नोव्हेंबरात पावसात बघायची गोष्ट आहे ही, सप्टेंबरच्या उन्हात काय. मला एकदम पटलं.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी टीव्ही लावला तर वॉशिंग्टन न्यू जर्सीत रटगर्सशी खेळत होतं. हरले, २१-१८. मी हस्की हरले की घरात शिरा करणारा माणूस. पण त्या दिवशी काही वाटेचना, कुणाशी हरले हे? रटगर्सचं माझं काय भांडण? शत्रू हरला आणि आनंद दुसऱ्याच कुणाच्या गावात साजरा झाला.

त्याच वर्षी डिसेंबरात आमचा क्वार्टरबॅक जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला, कोच वेक फॉरेस्टला गेले. त्याच्या आदला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड वर्षभर आधीच मायामीला गेलेला, तो २०२५ ला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या नंबरवर उचलला गेला. पुलमन म्हणजे आता एसटी स्टँड.

तरी वाडा परत भरतोय. बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो, सॅन डिएगो, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट, २०२६ च्या जुलैपासून, आणि टेक्सस स्टेट पण, पॅसिफिकचा किनारा टेक्ससपर्यंत गेला म्हणायचा. आम्हीही शेवटी तेच केलं ना, शेजारच्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधल्या पाच जणांना फोडून आणलं. त्यांच्याही मागे कुणीतरी सोप्यात उरलंच असेल. हे मी ग्रुपवर लिहिलं तर कुणीच उत्तर दिलं नाही, एकाने नुसता अंगठा टाकला.

२०२५ चा अ‍ॅपल कप पुलमनला होता. लेकीला घेऊन गाडीने गेलो, मुद्दाम २६ नेच, तिने डस्टी गाव कधी येऊन गेलं बघितलंच नाही, आयपॅडवर होती. मॅचचं सांगत नाही, ५९-२४, कोण हरलं ते ओळखा. मॅचच्या आधी कॅम्पसवरच्या डेअरीच्या दुकानात गेलो आइस्क्रीम खायला, रांग दाराबाहेर, अर्धी लाल अर्धी जांभळी. आत काउंटरमागे डब्यांची थप्पी छतापर्यंत. लेक थांबली, बघत राहिली आणि मोठ्याने मराठीत म्हणाली,

"बाबा, एवढी मोहरी?"